पाहुणा आणि सभासद : वर्डप्रेसवर एकाच पानाच्या दोन मांडण्या

संकेतस्थळाच्या एकाच पत्त्यावर दोन प्रकारची माणसे येतात. एक पाहुणा, ज्याने लॉग-इन केलेले नाही. दुसरा सभासद, ज्याने नाव आणि पासवर्ड देऊन ओळख पटवली आहे. पाहुण्याला ही संस्था कोणती, इथे काय मिळते, वर्गणी किती, नाव कसे नोंदवायचे, हे हवे असते. सभासदाला ते सगळे ठाऊक असते. त्याला आपले काम उरकून बाहेर पडायचे असते. दोघांसमोर एकच पान ठेवले, तर पाहुण्याला नको ती बटणे दिसतात आणि सभासदाला दर वेळी ‘आजच सभासद व्हा’ ही पट्टी ओलांडून पुढे जावे लागते. म्हणून पत्ता एकच ठेवून मांडणी दोन प्रकारची करतात.

ही सोय बहुतेक सर्व प्रणालींमध्ये असते. ड्रुपलमध्ये तर ‘अनामिक’ आणि ‘ओळख पटलेला’ अशा दोन भूमिका मुळातच आहेत. येथे विवेचन वर्डप्रेसच्या आधाराने केले आहे. २००३ मध्ये सुरू झालेली ही मुक्त स्रोत प्रणाली लहान संस्थांना परवडते, आणि तिच्यात या कामासाठी लागणारे बहुतेक सगळे आधीच आहे. उदाहरणासाठी तालुक्याच्या गावातले एक सार्वजनिक वाचनालय घेतले आहे : वेळा, वर्गणी आणि ग्रंथयादी सर्वांसाठी; घरी नेलेली पुस्तके, मुदतवाढ आणि मागणी फक्त सभासदांसाठी. फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ती रोमन लहान अक्षरांत आणि शब्दांमध्ये अंडरस्कोअर घालून लिहितात.

ओळख कशी पटते

वेबचा मूळ व्यवहार विसराळू आहे. ब्राउझर पान मागतो, सर्व्हर देतो, आणि संबंध तिथेच संपतो. पुढची मागणी आली, की सर्व्हरच्या लेखी ती नव्याच माणसाची. या विसराळूपणावर नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ मध्ये कुकीचा उतारा काढला. कुकी म्हणजे सर्व्हरने ब्राउझरकडे ठेवायला दिलेली छोटी चिठ्ठी. पुस्तक बदलताना दर खेपेला वाचनालयाचे कार्ड दाखवावे, तशी ब्राउझर ती चिठ्ठी प्रत्येक मागणीबरोबर दाखवतो.

वर्डप्रेसमध्ये लॉग-इन होताच ‘वर्डप्रेस लॉग्ड इन’ या शब्दांनी सुरू होणारी कुकी ब्राउझरमध्ये ठेवली जाते. ‘मला लक्षात ठेवा’ ही चौकट रिकामी असेल, तर ही ओळख जास्तीत जास्त २ दिवस टिकते. त्याआधी ब्राउझर पूर्ण बंद केला तर तेव्हाच संपते. चौकटीत खूण केली असेल, तर मुदत १४ दिवसांची होते. पान तयार करण्यापूर्वी वर्डप्रेस ही कुकी तपासते आणि ‘इज यूजर लॉग्ड इन’ या फंक्शनातून होय किंवा नाही एवढेच उत्तर देते. पुढची सगळी मांडणी या उत्तरावर उभी असते.

यातून दोन गोष्टी निघतात. ओळख ब्राउझरला चिकटलेली असते, माणसाला नाही. घरच्या फोनवर लॉग-इन असलेला सभासद कचेरीतल्या संगणकावर पाहुणाच असतो. शिवाय मुदत केव्हाही संपू शकते. सकाळी सभासद म्हणून उघडलेले पान दोन दिवसांनी पाहुण्याचे होऊन समोर येते. म्हणून पाहुण्याच्या मांडणीत ‘लॉग-इन’चा दुवा पहिल्याच नजरेत सापडला पाहिजे. ती मांडणी जितकी नवख्यासाठी, तितकीच ओळख सरून बाहेर पडलेल्या जुन्या सभासदासाठीही असते.

दाखवणे, लपवणे, रोखणे

या कामात सर्वांत जास्त चुका तीन वेगळ्या क्रिया एकच समजल्यामुळे होतात.

दाखवणे म्हणजे योग्य माणसापुढे योग्य गोष्ट ठेवणे. हा सोयीचा प्रश्न आहे. लपवणे म्हणजे मजकूर पानासोबत पाठवायचा, पण पडद्यावर येऊ द्यायचा नाही. ‘पानाचा स्रोत पाहा’ म्हटले की तो कोणालाही वाचता येतो. रोखणे म्हणजे अधिकार नसलेल्याकडे मजकूर सर्व्हरमधून जाऊच न देणे. खिडकीला पडदा लावणे आणि कपाटाला कुलूप घालणे यात जो फरक आहे, तोच लपवणे आणि रोखणे यांत आहे.

काम सुरू करण्यापूर्वी संकेतस्थळावरील प्रत्येक घटक कागदावर चार रकान्यांत मांडावा. वाचनालयाचे रकाने असे होतील :

- सर्वांसाठी : पत्ता, उघडण्याच्या वेळा, वर्गणी व अनामत रकमेचे दर, ग्रंथयादीचा शोध, व्याख्यानांची सूचना.
- फक्त पाहुण्यासाठी : ‘सभासद व्हा’ ही पट्टी, लॉग-इनचा दुवा, वाचनालयाची थोडक्यात ओळख.
- सभासदाच्या सोयीचे : ‘माझी पुस्तके’कडे नेणारा दुवा, मुदतवाढीचे बटण, नव्या पुस्तकांची यादी, लॉग-आउट.
- राखीव : कोणी कोणते पुस्तक नेले, थकबाकी, सभासदाचा पत्ता व फोन, सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त.

तिसऱ्या रकान्यातली गोष्ट चुकून पाहुण्याला दिसली तर पान विचित्र दिसेल, एवढेच. चौथ्या रकान्यातली दिसली तर माणसांची खासगी माहिती बाहेर जाईल. संकलित केलेल्या वैयक्तिक माहितीची वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती गोळा करणाऱ्यावरच टाकली आहे. म्हणून पहिल्या तीन रकान्यांना पडदा चालतो. चौथ्याला कुलूपच लागते.

पडदा : सीएसएसने होणारे बदल

वर्डप्रेसची जवळजवळ प्रत्येक थीम पानाच्या ‘बॉडी’ घटकाला काही क्लास आपोआप जोडते. माणूस लॉग-इन असेल, तर त्यात ‘लॉग्ड-इन’ हा क्लास असतो. त्याचा आधार घेऊन सभासदासाठी पट्टी अदृश्य करणे, स्तंभाची रुंदी बदलणे, मुख्य चित्राची उंची कमी करणे ही कामे दोन-चार ओळींत होतात. पाहुण्यासाठी मात्र उलट अर्थाचा क्लास वर्डप्रेस जोडत नाही. पाहुण्यापुरता नियम लिहायचा असेल, तर ‘ज्या बॉडीला लॉग्ड-इन क्लास नाही’ अशी नकारार्थी निवड करावी लागते.

एक अडथळा याच ठिकाणी हमखास भेटतो. लॉग-इन केलेल्या माणसाला पानाच्या माथ्यावर वर्डप्रेसची काळी साधनपट्टी दिसते. मोठ्या पडद्यावर तिची उंची ३२ पिक्सेल असते आणि ७८२ पिक्सेल किंवा त्याहून अरुंद पडद्यावर ४६ पिक्सेल. माथ्याला चिकटून राहणारा शीर्षभाग असलेल्या थीममध्ये मेन्यूचा वरचा भाग या पट्टीखाली जातो. आणि तो बिघाड पाहुण्याला कधीच दिसत नसल्याने बरेच दिवस लक्षातही येत नाही. साधनपट्टी असताना बॉडीला ‘ॲडमिन-बार’ हा क्लास मिळतो. त्याचा आधार घेऊन शीर्षभाग तेवढाच खाली सरकवावा. साध्या सभासदाला त्या पट्टीचा उपयोग नसतो. त्याच्यापुरती ती ‘शो ॲडमिन बार’ या फिल्टरने बंद करणे हा अधिक नीटस उपाय.

देवनागरी मजकुरासाठी आणखी एक काळजी घ्यावी लागते. ‘नमस्कार’ या शब्दापुढे सभासदाचे पूर्ण नाव ठेवले, की फोनच्या पडद्यावर शीर्षभाग दोन ओळींचा होतो. ओळ तोडू नये म्हणून उंची बांधली आणि बाहेर जाणारा भाग कापला, तर वरची वेलांटी, रफार आणि खालचे उकार छाटले जातात. ओळीची उंची सढळ ठेवावी आणि शीर्षभागात पूर्ण नावाऐवजी दर्शनी नाव वापरावे.

मेन्यू आणि शीर्षभाग

दोन मांडण्यांतला फरक सर्वांत आधी मेन्यूत दिसतो, आणि पुष्कळ संकेतस्थळांना तेवढा बदल पुरतोही. जुन्या धाटणीच्या थीममध्ये पाहुण्यासाठी एक व सभासदासाठी एक असे दोन मेन्यू तयार करावेत. ‘डब्ल्यूपी नॅव्ह मेन्यू आर्ग्ज’ या फिल्टरमध्ये लॉग-इनची स्थिती पाहून मेन्यूचे नाव बदलले, की त्याच जागेवर योग्य मेन्यू येतो. कोड लिहायचा नसेल, तर ‘नॅव्ह मेन्यू रोल्स’सारख्या प्लगइनने मेन्यूच्या प्रत्येक दुव्यापुढे ‘लॉग-इन केलेले’, ‘लॉग-इन न केलेले’ किंवा विशिष्ट भूमिका अशी अट लावता येते.

लॉग-आउटचा दुवा मेन्यूत हाताने लिहू नये. वर्डप्रेस त्या दुव्यात ‘नॉन्स’ नावाचा मर्यादित मुदतीचा सुरक्षा-संकेत घालते. तो नसला, की ‘खरेच बाहेर पडायचे आहे का’ असे विचारणारे कोरडे पान उगवते आणि सभासद गोंधळतो. ‘डब्ल्यूपी लॉगआउट यूआरएल’ या फंक्शनाने तयार केलेला दुवा हा संकेत बरोबर घेऊनच येतो. ब्लॉकवर आधारलेल्या थीममध्ये त्यासाठी ‘लॉग-इन/आउट’ नावाचा तयार ब्लॉक आहे. तो स्थिती पाहून स्वतःचे शब्द बदलतो आणि माणसाला असलेल्याच पानावर परत आणतो.

दोन्ही शीर्षभाग अगदीच निराळे हवे असतील, तर थीममध्ये शीर्षभागाची दुसरी फाइल ठेवता येते. ‘गेट हेडर’ या फंक्शनाला ‘सभासद’ अशा अर्थाचे नाव दिले, की वर्डप्रेस मूळ शीर्षभागाऐवजी त्या नावाची फाइल घेते. मात्र हे बदल मूळ थीममध्ये करू नयेत. पुढच्या अद्ययावतीकरणात ते पुसले जातात. त्यासाठी चाइल्ड थीम तयार करून सगळी भर तिच्यातच ठेवावी.

पानाच्या आतले भाग

पानाच्या मधल्या भागात फरक करण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला, टेम्प्लेटमधील अट. पानाच्या पीएचपी फाइलमध्ये ‘लॉग-इन असेल तर हा तुकडा, नसेल तर तो तुकडा’ असे लिहितात. ‘गेट टेम्प्लेट पार्ट’ने दोन्ही तुकडे वेगळ्या फाइलींत ठेवले, तर मूळ फाइल वाचनीय राहते.

दुसरा, शॉर्टकोड. सुरुवातीची आणि शेवटची खूण यांच्यामध्ये ठेवलेला मजकूर फक्त सभासदाला द्यायचा, असा शॉर्टकोड आठ-दहा ओळींत तयार होतो. ज्या ग्रंथपालाला कोड येत नाही, पण रोजचा मजकूर त्यालाच भरायचा असतो, त्याच्या हाती हे साधन देणे सोयीचे.

तिसरा, ब्लॉकवरची अट. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या ५.० आवृत्तीपासून वर्डप्रेसचा मजकूर ब्लॉकांमध्ये विभागला जातो. ब्लॉकच्या प्रगत पर्यायांत त्याला स्वतःचा क्लास देता येतो. ‘फक्त सभासद’ अशा अर्थाचा एक क्लास ठरवावा आणि ‘रेंडर ब्लॉक’ या फिल्टरमध्ये तो दिसताच, माणूस लॉग-इन नसल्यास ब्लॉकच्या जागी रिकामी ओळ परत करावी. वापर क्लासचा असला, तरी ही युक्ती पडद्याची नाही. मजकूर सर्व्हरवरच गळतो. हेच काम ‘ब्लॉक व्हिजिबिलिटी’ हे प्लगइन कोडशिवाय करते. ५.९ आवृत्तीपासून शीर्षभाग आणि तळभागसुद्धा ब्लॉकांचेच बनवता येतात. त्यामुळे ब्लॉक थीममध्ये हा एकच मार्ग मेन्यूपासून तळटीपेपर्यंत सगळीकडे पुरतो.

कोणताही मार्ग घेतला, तरी गाळलेल्या भागाची जागा पोकळ राहू देऊ नये. मुदतवाढीच्या बटणाच्या जागी पाहुण्याला ‘मुदतवाढीसाठी लॉग-इन करा’ असा दुवा मिळाला पाहिजे. विशेषतः ज्याची लॉग-इनची मुदत संपली आहे, त्याला आपले बटण कुठे गेले याचा उलगडा अशाच दुव्यामुळे होतो.

वळवणे : एका पानावरून दुसऱ्यावर

मांडणीत फारच अंतर असेल, तर एका पानावर अटींची दाटी करण्यापेक्षा दोन स्वतंत्र पाने करून माणसाला योग्य पानावर वळवणे सोपे जाते. मुखपृष्ठावर आलेल्या सभासदाला ‘माझे वाचनालय’ या पानावर नेणे, आणि त्या पानावर थेट आलेल्या पाहुण्याला लॉग-इनकडे पाठवणे, ही त्याची नेहमीची रूपे. वर्डप्रेसमध्ये हे काम ‘टेम्प्लेट रीडायरेक्ट’ या टप्प्यावर करतात. लॉग-इननंतर कुठे जायचे, ते ‘लॉगिन रीडायरेक्ट’ फिल्टर ठरवतो. येथे चार गोष्टी सांभाळाव्या लागतात.

वळवणे तात्पुरते, म्हणजे ३०२ क्रमांकाचे असावे. ३०१ हा कायमस्वरूपी वळणाचा क्रमांक ब्राउझर लक्षात ठेवतो. मग माणसाची स्थिती बदलली, तरी तो सर्व्हरला न विचारता जुन्याच वळणाने जातो. ‘डब्ल्यूपी रीडायरेक्ट’ स्वतःहून ३०२ देते. तो बदलू नये.

वळवण्याच्या ओळीनंतर ‘एक्झिट’ लिहावेच. फंक्शन फक्त ‘तिकडे जा’ अशी सूचना पाठवते, पुढचे काम थांबवत नाही. एक्झिट विसरले, तर राखीव मजकूर त्या सूचनेच्या मागोमाग बाहेर पडू शकतो.

लॉग-इनचे पान अटीतून वगळावे. ते पान साध्या पानासारखे तयार केले असेल आणि ‘लॉग-इन नसलेल्या सर्वांना लॉग-इनच्या पानावर पाठवा’ असा सरसकट नियम असेल, तर पाहुणा त्याच पानावरून त्याच पानाकडे फिरत राहतो आणि अखेर ब्राउझर हात टेकतो.

माणूस जिथे निघाला होता, तिथेच लॉग-इननंतर पोहोचावा. ई-पत्रातल्या ‘मुदत वाढवा’ या दुव्यावरून आलेल्या सभासदाला लॉग-इननंतर मुखपृष्ठावर सोडले, तर ते पान त्याला नव्याने शोधावे लागते. ‘डब्ल्यूपी लॉगिन यूआरएल’ला परतीचा पत्ता देता येतो. तो पत्ता बाहेरून आलेला असेल, तर ‘डब्ल्यूपी सेफ रीडायरेक्ट’ वापरावे. ते परक्या संकेतस्थळाकडे वळू देत नाही.

लॉग-इन म्हणजे अधिकार नव्हे

वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये ‘कोणीही नोंदणी करू शकतो’ अशी एक चौकट असते. तिच्यात खूण असेल, तर ई-पत्ता असलेला कोणीही दोन मिनिटांत लॉग-इन झालेला माणूस बनतो. अशा संकेतस्थळावर राखीव मजकुरापुढे फक्त ‘लॉग-इन आहे का’ ही अट घालणे म्हणजे कुलूप लावून किल्ली दारावरच टांगणे. लॉग-इन ‘हा कोण’ एवढेच सांगते. ‘याला हे पाहण्याचा हक्क आहे का’ हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो.

त्यासाठी वर्डप्रेसमध्ये भूमिका आणि क्षमता आहेत. मुळात भूमिका पाच : प्रशासक, संपादक, लेखक, योगदानकर्ता आणि सदस्य. नव्याने नोंदणी करणाऱ्याला सहसा शेवटची भूमिका मिळते. वाचनालयाने ‘वाचक सभासद’ अशी सहावी भूमिका तयार करावी, तिला ‘सभासद-पाने वाचणे’ अशी क्षमता द्यावी आणि वर्गणी जमा झाल्यावरच माणसाला त्या भूमिकेत घ्यावे. भूमिका व क्षमता हाताळण्यासाठी ‘मेंबर्स’ हे प्लगइन उपयोगी पडते. कोडमध्ये अट लिहिताना भूमिकेचे नाव तपासू नये. ‘करंट यूजर कॅन’ने क्षमता विचारावी. उद्या ‘बालवाचक’ किंवा ‘आजीव सभासद’ अशी भूमिका वाढली, तर तिला क्षमता दिली की झाले. जुन्या अटींना हात लावावा लागत नाही.

स्वतःची पुस्तके दाखवणाऱ्या पानावर तिसरा प्रश्नही येतो : ही नोंद याच सभासदाची आहे का? पत्त्यातला क्रमांक बदलून दुसऱ्याची यादी उघडता येत असेल, तर लॉग-इन आणि क्षमता या दोन्ही अटी असूनही माहिती फुटते. नोंद नेहमी लॉग-इन असलेल्या माणसाच्या क्रमांकावरूनच काढावी.

बाजूचे दरवाजे

पान नीट बंद केले, तरी तोच मजकूर इतर वाटांनी बाहेर जातो का, हे पाहावे लागते.

वर्डप्रेसमध्ये प्रसिद्ध झालेली पाने व नोंदी रेस्ट एपीआयमधूनही मिळतात. ४.७ आवृत्तीपासून ही वाट प्रत्येक संकेतस्थळावर मुळातच उघडी असते. टेम्प्लेटमधील अट किंवा ‘टेम्प्लेट रीडायरेक्ट’वरचे वळण या वाटेला लागू होत नाही. फीडचीही तीच गोष्ट : ती टेम्प्लेटमधली अट वाचत नाही. ब्लॉकवरची अट आणि शॉर्टकोड मात्र मजकूर तयार होतानाच काम करतात, म्हणून या वाटांवरही टिकतात.

संकेतस्थळावरचा शोध मूळ, न गाळलेल्या मजकुरात शोधतो. गाळलेल्या ब्लॉकमधला शब्द शोधला, तर मजकूर दिसत नाही, पण पानाचे नाव निकालात येते. म्हणजे तो शब्द तिथे आहे, हे कळते. अतिशय गोपनीय मजकूर सर्वांसाठीच्या पानात मिसळू नये. त्याचे स्वतंत्र पान करून दृश्यता ‘खासगी’ ठेवावी. अशी पाने मुळात फक्त प्रशासक व संपादक यांना दिसतात. ‘रीड प्रायव्हेट पेजेस’ ही क्षमता दिली, की सभासदालाही दिसू लागतात. पानाची दृश्यता स्वतः वर्डप्रेस सांभाळत असल्याने ती शोध, फीड आणि एपीआय या तिन्हींना लागू पडते.

चढवलेल्या फाइली हा सर्वांत दुर्लक्षित दरवाजा. इतिवृत्ताची पीडीएफ खासगी पानावर जोडली, तरी फाइल वर्ष-महिन्याच्या उघड्या फोल्डरमध्ये असते आणि थेट पत्ता माहीत असलेला कोणीही ती उतरवून घेऊ शकतो. अशा फाइली सार्वजनिक फोल्डरबाहेर ठेवून, अधिकार तपासून मगच देणारा मार्ग करावा.

पान न बदलता सर्व्हरशी बोलणाऱ्या बटणांसाठी, म्हणजे अजॅक्ससाठी, वर्डप्रेसमध्ये दोन वेगळी हुक आहेत. एक लॉग-इन केलेल्यांसाठी, दुसरे नावात ‘नोप्रिव्ह’ असलेले पाहुण्यांसाठी. मुदतवाढीचे फंक्शन दुसऱ्या हुकला जोडू नये. पहिल्या हुकमध्येसुद्धा क्षमता आणि नॉन्स पुन्हा तपासावेत. पाहुण्याला बटण दिसत नाही, एवढ्याने त्याला मागणी पाठवता येणार नाही असे होत नाही.

कॅशचा घोळ

पान वेगाने उघडावे म्हणून कॅश त्याची तयार प्रत साठवते आणि पुढच्या प्रत्येकाला तीच देते. सगळ्यांचे पान सारखे असेल, तोवर ही सोय उत्तम. मांडणी माणसागणिक बदलू लागली, की धोका येतो : एका सभासदासाठी तयार झालेले पान, त्याच्या नावासह, दुसऱ्याच कोणाला जाऊ शकते.

वर्डप्रेसची प्रचलित कॅश प्लगइने लॉग-इनची कुकी दिसताच साठवलेली प्रत टाळू शकतात. ‘लॉग-इन केलेल्यांसाठी कॅश नको’ असा पर्याय चालू आहे ना, हे पाहावे. वर्डप्रेस स्वतःही लॉग-इन केलेल्याचे पान पाठवताना ‘साठवू नये’ अशी सूचना जोडते. तरी होस्टिंग कंपनीची किंवा सीडीएनची कॅश त्याच्या पुढे उभी असते, आणि ‘सगळे साठवा’ असा नियम तिथे लावलेला असेल तर ही सूचना डावलली जाते. कुकीनुसार वगळण्याचा नियम त्या ठिकाणीही लावावा.

पाहुण्याच्या साठवलेल्या पानात फॉर्म असेल, तर आणखी एक खोच आहे. फॉर्ममधील नॉन्स मुळात जास्तीत जास्त २४ तास चालतो. प्रत त्याहून जुनी झाली, की नोंदणीचा फॉर्म कारण न सांगता नाकारला जातो. अशा पानांच्या प्रतीचे आयुष्य १० तासांपेक्षा कमी ठेवणे सुरक्षित.

भेटी फार असलेल्या संकेतस्थळांवर मधला मार्ग घेतात. पान सर्वांसाठी एकच, कॅशमधले. आणि ‘नमस्कार’चा व पुस्तकांच्या संख्येचा छोटा तुकडा तेवढा जावास्क्रिप्टने मागाहून आणायचा. या पद्धतीत तुकडा येण्यापूर्वीच त्याची जागा राखून ठेवावी. नाहीतर मजकूर एकदम खाली सरकतो आणि बोट भलत्याच बटणावर पडते. गूगलच्या मापनात या सरकण्याचा निर्देशांक ०.१ किंवा त्याहून कमी असल्यास चांगला मानतात.

शोधयंत्राच्या नजरेतून

गूगलचा क्रॉलर लॉग-इन करत नाही. तो कायमचा पाहुणा असतो. म्हणजे शोधनिकालात जे दिसावे असे वाटते, ते पाहुण्याच्या मांडणीत असलेच पाहिजे. ग्रंथयादी फक्त सभासदांना दाखवली, तर एखादे दुर्मीळ पुस्तक शोधणाऱ्या वाचकाला ते या वाचनालयात आहे हे कळणारच नाही.

क्रॉलरला पूर्ण मजकूर आणि माणसाला अर्धाच, असा प्रकार फसवणूक मानला जातो. सशुल्क मजकुरासाठी मात्र त्याला मान्य मार्ग आहे : मजकूर मोफत नाही, असे संरचित माहितीत नमूद करायचे. २०१७ मध्ये गूगलने ‘पहिली भेट मोफत’ ही जुनी अट मागे घेतली. तेव्हापासून किती नमुना मोफत द्यायचा, हे प्रकाशकच ठरवतो. सभासदांच्या कामाच्या पानांना शोधनिकालात जागाच नको असेल, तर त्यांना ‘नोइंडेक्स’ची खूण लावावी. रोबोट्सच्या फाइलमध्ये त्यांचे पत्ते लिहिणे हा बचाव नव्हे. ती फाइल कोणालाही वाचता येते, आणि राखीव पाने कुठे आहेत हे तिच्यातूनच कळते.

तपासणी

संकेतस्थळ तयार करणारा माणूस दिवसभर प्रशासक म्हणून लॉग-इन असतो. म्हणून पाहुण्याची आणि साध्या सभासदाची मांडणी त्याच्या नजरेस सर्वांत कमी पडते. तपासणीसाठी एका ब्राउझरमध्ये प्रशासक, दुसऱ्यात चाचणीपुरते तयार केलेले सभासदाचे खाते आणि खासगी खिडकीत पाहुणा, असे तिघे शेजारी-शेजारी उघडावेत आणि पुढील क्रमाने जावे :

१. मुखपृष्ठ, एक साधे पान आणि एक राखीव पान तिघांकडून उघडावे. मेन्यू आणि शीर्षभाग फोनच्या रुंदीलाही पाहावेत.

२. पाहुण्याच्या खिडकीत पानाचा स्रोत उघडून राखीव मजकुरातला एखादा शब्द शोधावा. सापडला, तर तिथे कुलपाऐवजी पडदा लागला आहे.

३. राखीव पानाचा आणि जोडलेल्या फाइलीचा थेट पत्ता पाहुण्याच्या खिडकीत टाकावा. फीड, एपीआय आणि शोध यांतूनही तोच मजकूर मागून पाहावा.

४. वर्गणी न भरलेल्या, पण नोंदणी केलेल्या खात्याने हेच सर्व पुन्हा करावे.

५. राखीव दुव्यावरून सुरुवात करून लॉग-इन करावे. त्याच पानावर पोहोचतो का ते पाहावे. मग लॉग-आउट करून ब्राउझरचे मागे जाण्याचे बटण दाबावे.

६. कॅश चालू ठेवून सभासदाचे पान उघडावे आणि लगेच तेच पान पाहुणा व दुसरा सभासद म्हणून मागवावे. पहिल्याचे नाव कुठेही उमटता कामा नये.

थीम, कॅश किंवा भूमिकांशी संबंधित प्लगइन अद्ययावत केल्यावर दुसरी, तिसरी आणि सहावी पायरी दर वेळी नव्याने करावी.